टीव्हीच्या मागे उभा राहिलेला इक्बाल

इक्बाल, त्या दिवशी फोन आधी तू ठेवलास की मी, हे मला काही केल्या आठवत नाही. मी कामावर होते, तू घरी, आणि भांडत होतो एवढं आठवतं. बायकोचं निमित्त करून तू म्हणत होतास, "सुलू, तो डबा टीव्ही आता काढ. शबानाला केर काढता येत नाही त्याच्यामुळे." मी म्हणत होते, "त्याला हात लावलास तर याद राख." तू हसलास, मग खोकलास, मग म्हणालास, "ठीक आहे, शुक्रवारी ये. समोरासमोर बसून ठरवू." शुक्रवार आला. मी आलेही. पण तोवर तुला कबरस्तानात नेऊन दोन रात्री उलटल्या होत्या, आणि तुमच्या हॉलमध्ये चटया अंथरलेल्या होत्या.

तुझा चाळिसावा दिवस अजून यायचाय. घरात माणसं येतात, बसतात, तुझं चांगलं बोलतात. माणूस नेक होता, हिशोबाला सरळ होता, आजाराची कधी तक्रार केली नाही. सगळं खरं आहे. पण कोणी मला विचारलं की तुम्ही दोघं दर शुक्रवारी काय करत होतात, तर मला नीट सांगता येत नाही. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, एक लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, सुटे भाग विकणारा, एक भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोडाऊनमध्ये परत आलेला माल तपासणारी, आठवड्यातून एकदा बसून लहानपणीच्या एका टीव्ही गेमचं चित्र साफ करत होती. हे ऐकून माणसं मान डोलावतात आणि विषय बदलतात. म्हणून ते तुझ्यापाशीच बोलते.

आपली दारं समोरासमोर होती. तुमच्याकडे टीव्ही होता, आमच्याकडे नव्हता, त्यामुळे मी माझ्या घरात कमी आणि तुमच्या घरात जास्त असायची. तुझे अब्बा तेव्हा कुवेतला बंदरात क्रेन चालवायचे. सुट्टीवर आले की आख्खी बिल्डिंग तुमच्या दारात उभी राहायची. त्या वर्षी त्यांनी बॅगेतून एक पांढरा प्लास्टिकचा डबा काढला, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला बटणं. "इक्बालसाठी," म्हणाले. "टीव्हीला लावायचं आणि खेळायचं." तू तो डबा छातीशी धरून बसलास, जेवायलासुद्धा खाली ठेवला नाहीस.

पण तो आपल्या टीव्हीवर लागेचना. नुसती मुंग्यांची वारूळं फुटल्यासारखी खरखर. शेवटी नाक्यावरच्या रेडिओवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडून आत काहीतरी फिरवलं आणि चित्र आलं, काळंपांढरं. शेजारच्या वाहिनीवर बाईची साडी लाल दिसत होती, म्हणजे टीव्ही रंगीतच होता, पण गेम काळापांढरा. वर ते चित्र एका जागी थांबायचं नाही, पाण्यावरच्या कागदासारखं सतत वर सरकत जायचं. रेडिओवाल्याने टीव्हीच्या पाठीमागचं एक बारीक बटण दाखवलं. हे फिरवलं की चित्र थांबतं, म्हणाला, पण हात जवळच ठेवा.

हात जवळ ठेवणं म्हणजे काय ते आपल्याला लगेच कळलं. खालच्या शेडमध्ये लूम चालू असायचे. एखाद्या रांगेची मोटर सुरू झाली किंवा बंद पडली की व्होल्टेज खालीवर व्हायचं आणि चित्र पुन्हा सरकायला लागायचं. तेव्हा कोणीतरी टीव्हीच्या मागे उभं राहून ते बटण धरायला हवं. गेम तुझा, टीव्ही तुझा, आणि तू म्हणालास, "सुलू, तू खेळ. मी धरतो."

मी खेळायला लागले आणि तू मागे उभा राहिलास. चित्र थांबलं की नाही हे तुला मागून कसं दिसणार? म्हणून तू आईचा आरसा आणून समोरच्या खुर्चीवर टेकवलास. आरशात बघत बटण धरायचं. म्हणजे आपण दोघं एकच गेम बघायचो, पण माझा माणूस उजवीकडे पळायचा आणि तुझा डावीकडे. एक बुटका माणूस, पाठीवर गाठोडं, पूल ओलांडतोय, खड्डे चुकवतोय. मी तुला ओरडायची, "बटण सोडू नको!" तू मला ओरडायचास, "उडी मार, डावीकडे खड्डा हाय!" आणि मी उजवीकडच्या खड्ड्यात पडायची. फक्त शुक्रवारी लूम बंद असले की चित्र गुमान थांबायचं. तेव्हाही तू मागेच असायचास. सवय लागली होती तुला.

त्या माणसाचं गाठोडं कुठल्या रंगाचं यावर आपण किती भांडलो असू! मी म्हणायची लाल, तू म्हणायचास हिरवं. एकदा अब्बा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पिवळं हाय." आपण हसलो. काळ्यापांढऱ्या चित्रात त्यांना पिवळं कुठून दिसलं?

त्यांना दिसलं होतं. कुवेतच्या दुकानात त्या दुकानदाराने गेम लावून दाखवला होता, आणि तिथे तो रंगीत होता. अब्बा हे सांगायचे, पण बिल्डिंगमध्ये बोलणं पसरलं होतं की परदेशात कमावणाऱ्यालासुद्धा टोपी घालतात. तुझे मामा तर जेवताना तोंडावर म्हणाले, "भाईजान, डबा देताना डुप्लिकेट दिला तुम्हाला." अब्बांनी मान खाली घालून घास घेतला. पुढच्या सुट्टीत ते आले तेव्हा बॅगेत कापड होतं, साबण होते, खजूर होते, अत्तर होतं. यंत्र म्हणून एकही वस्तू त्यांनी त्यानंतर कधी आणली नाही. तुझ्या आईने डबा कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. आपणही मोठे झालो, दहावीच्या मागे लागलो, आणि तो तिथेच राहिला.

आता कळतं की अब्बांना कोणी फसवलं नव्हतं. डबा अस्सल होता, फक्त तो दुसऱ्या देशातल्या टीव्हीसाठी बनला होता. रंग सांगायची त्याची रीत वेगळी, आपल्या टीव्हीची वेगळी; कुवेतच्या दुकानातल्या टीव्हीला मात्र त्याची रीत कळत असणार. आपल्या टीव्हीला त्याच्याकडून उजेड आणि अंधार एवढंच समजायचं, रंग कानावरून जायचे. सेकंदाला चित्रंही तो आपल्या टीव्हीला सवय होती त्याहून जास्त पाठवायचा, म्हणून ते सरकायचं. एवढंच. पण हे कळायला आपल्याला म्हातारपणाचा उंबरठा गाठावा लागला.

मी लग्न करून नाशिकला गेले, संसार केला, आणि माझा नवरा प्रकाश गेल्यावर परत भिवंडीत आले, आईच्या त्याच खोलीत. तोवर तू स्वतः घातलेले लूम विकले होतेस, सुट्या भागांचं दुकान टाकलं होतंस, तुझी मुलगी सना कॉलेज संपवून नोकरी शोधत होती. समोरच्या दारात पुन्हा तूच. मी कोणाशी बोलत नव्हते. गोडाऊनची ड्युटी करायची, घरी यायचं, दार लावायचं. तू दार वाजवून "कशी आहेस" असं एकदाही विचारलं नाहीस. एका शुक्रवारी सकाळी माळ्यावरची धूळ अंगावर घेऊन आलास आणि म्हणालास, "सुलू, तो डबा सापडला. पण आता टीव्ही त्याला ओळखतच नाही. ये, बघ ना जरा."

मला त्यातलं काय कळणार होतं? तुलाही ठाऊक होतं. मी आले. पुढच्या शुक्रवारी "ये, बघ ना, आज आवाज येतोय पण चित्र नाही." त्याच्या पुढच्या शुक्रवारी "चित्र येतंय, पण त्यात उभ्या रेषा आहेत." शबाना चहा ठेवायची, सना हसायची, अब्बा कोपऱ्यात तसबीहचे मणी ओढत बसायचे. मी त्या घरात पुन्हा माणसांसारखी बोलायला लागले ते त्या रेषांच्या निमित्ताने. तुझे आभार मानायचे राहिले असं मला वाटत नाही, कारण आपल्यात ती पद्धतच नव्हती. पण आता मानते, कारण आता तू अडवू शकत नाहीस.

तुझ्या किडनीचं मला शबानाने सांगितलं. तोवर तुझं डायलिसिस सुरू होऊन काही महिने झाले होते. तू मला म्हणाला होतास की दुकानाच्या कामाने कल्याणला जातो. मी चिडले तेव्हा तू म्हणालास, "अरे यार, सांगून काय होणार होतं? तूसुद्धा शबानासारखी माझ्या पाण्याचे घोट मोजत बसली असतीस." आणि मग, डोळे डब्यावर ठेवूनच, पुढचं बोललास. "सुलू, हा गेम अब्बांना एकदा नीट बघायचाय. मला दाखवायचाय. त्यांचे डोळे चाललेत. माझं काय, तुला माहीतच आहे. कोण आधी जाईल सांगता येत नाही."

त्या दिवसापासून तो आपला टाइमपास राहिला नाही.

आधी तू अँटेनाची वायर काढून टाकलीस आणि डब्याच्या आतून पिवळ्या पिनची वायर बाहेर काढलीस. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून, भंगारातले नकली डबे आणून, त्यांच्यावर हात बसवून. एकदोन जाळलेसही. आजचे टीव्ही सगळ्या देशांच्या रीती ओळखतात, त्यामुळे रंग आले. आयुष्यात पहिल्यांदा आपण तो गेम रंगीत बघितला. आठवतं? निळं आभाळ, विटकरी पूल. पण सगळं ओल्या कपड्यावरच्या कच्च्या रंगासारखं एकमेकांत उतरलेलं. गाठोड्याचा रंग झाडात मिसळला होता. मी म्हणाले, "बघ, हिरवटच आहे, तू जिंकलास." तू म्हणालास, "न्हाय, थांब. हे खरं चित्र नाही. एकाच तारेतून सगळे रंग कोंबून पाठवले की असंच होणार."

वर तुमचा मोठा चपटा टीव्ही आणखी घोळ घालायचा. जुन्या गेमचं बारीक चित्र तो ताणून मोठं करायचा, त्यात ते पुसट व्हायचं, आणि करायला वेळ लावायचा. मी उडीचं बटण दाबायची, माणूस खड्ड्यात गेल्यावर उडी मारायचा. मी वैतागून म्हणाले, "मला जुन्या काळचा जाड डबा टीव्ही आणून द्या." आमच्या गोडाऊनच्या एका ड्रायव्हरने पडघ्याच्या ढाब्यावर एक तसला टीव्ही बघितला होता, मालक काढून टाकायच्या बेतात होता. टेम्पोतून आणला. तुझ्या हातात डायलिसिससाठी नस जोडून घेतलेली, वजन उचलायची तुला मनाई, म्हणून मी आणि शबानाने तो जिन्यावरून चढवला. शबाना म्हणाली, "सुलूताई, हा तर म्हशीएवढा आहे." तू वरून सूचना देत होतास आणि आम्ही दोघी तुला शिव्या देत होतो.

आणि इक्बाल, त्या टीव्हीवर तो गेम सुंदर दिसत होता. मान्य कर आता तरी. कडा मऊ, रंग उबदार, आणि बटण दाबलं की उडी त्याच क्षणी. तो गेम बनवणाऱ्यांनी असल्याच काचेसमोर बसून बनवला होता, त्याची जागा तीच. तू एवढंच म्हणालास, "छान आहे. पण अब्बांना विचार."

अब्बांना जवळ आणून बसवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "रंगीत काहीतरी हलतंय, बेटा. चांगलं हाय." तू विचारलंस, "अब्बा, माणूस दिसतो का?" ते म्हणाले, "हाय, हाय, दिसतो," आणि हात टीव्हीच्या भलत्याच कोपऱ्याकडे दाखवला.

त्याच संध्याकाळी तू ठरवलंस की डब्याची चित्र काढणारी चिप उखडायची आणि तिच्याखाली सर्किटची नवीन पट्टी बसवायची, जी लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळ्या तारांतून बाहेर काढते. मग एक छोटं यंत्र ते चित्र न पुसता, जसंच्या तसं मोठं करून चपट्या टीव्हीला देतं. मोठा पडदा, स्वच्छ कडा, अब्बांच्या डोळ्यांना पकडता येईल असं. मी घाबरले. "चिप मेली तर? ती आता कुठे मिळणार? अब्बांनी आणलेली वस्तू आहे ती." तू म्हणालास, "माळ्यावर पडून ती काय जिवंत होती?"

पट्टी पार्सलने आली, आमच्याच गोडाऊनमधून फिरून, आणि तू दिवस निवडलास. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तुझे हात थरथरायचे, म्हणून त्याच्या पुढची सकाळ. शुक्रवारच होता, लूम बंद, वीज शांत. खिडकीशी टेबल लावलं. मी भिंग आणि बॅटरी धरली. तू एकेका पायाचं कथील वितळवायचास, पंपाने ओढून घ्यायचास, पुढचा पाय. घाम तुझ्या नाकावरून टपकेल म्हणून सना रुमालाने टिपत होती. चिप हलायला लागली तेव्हा तू म्हणालास, "येतेय." आणि बोर्डावरची तांब्याची एक रेघ चिपच्या पायाबरोबर सोलून वर आली.

तू सोल्डरिंगचं हत्यार खाली ठेवलंस. तुझा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता, रिपोर्ट हातात घेतानासुद्धा नाही. सना म्हणाली, "अब्बू, होईल काहीतरी." तू खुर्चीत मागे टेकलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला उठले, तर तू डोळे न उघडता म्हणालास, "पाणी नको, माझा कोटा संपलाय. केसासारखी बारीक वायर दे. त्या रेघेच्या जागी तीच टाकू."

दुपारची नमाज पढून आलास आणि मग ती वायर बसवलीस. किती वेळ लागला मला ठाऊक नाही. माझा भिंगाचा हात बधिर झाला होता. सगळं परत जोडून तू बटण दाबलंस तेव्हा मी, सना आणि शबाना पडद्याकडे न बघता तुझ्याकडे बघत होतो.

चित्र आलं. उभ्या रेषा नव्हत्या. रंग आपापल्या घरात होते, एकही शेजारी डोकावत नव्हता. पुलाची वीट न वीट वेगळी. माणसाच्या टोपीला काठ आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं. आणि गाठोडं स्वच्छ पिवळं होतं, हळदीसारखं.

"अब्बा," तू हाक मारलीस.

शबानाने त्यांना हाताला धरून आणलं, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं. अब्बा पुढे वाकले. त्यांनी चष्मा काढला, कुर्त्याला पुसला, परत लावला. मग त्यांनी बोट उचललं आणि यावेळी ते बरोबर त्या माणसावर ठेवलं. "हाच," म्हणाले. "दुकानात हाच होता. पिवळं गाठोडं. मी सांगत होतो ना तुमच्या मामांना?"

मामा जाऊन वर्षं झाली होती. कोणी हसलं नाही.

"मला वाटायला लागलं होतं," अब्बा म्हणाले, "की मलाच चुकीचं आठवतंय. येवढी माणसं म्हणतायत, तर दुकानात मी दुसरंच काही बघितलं असंल." तू त्यांच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, "न्हाय अब्बा. माल खरा होता. टीव्ही आपला वेगळा होता." आणि वायरी, रंग, देशांच्या रीती, सगळं त्यांना समजावून सांगायला लागलास. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुला थांबवलं.

"मला लाज त्याची न्हाय वाटली इक्बाल," ते म्हणाले. "लोक काय, बोलतात. मी पोराला खेळ आणला आणि पोरगा रोज टीव्हीच्या मागं उभा. मी दारातून बघायचो. वाटायचं, येवढ्या लांबून आणलं ते ह्याला मागं उभं करायला? म्हणून तुझ्या आईला सांगितलं, टाक माळ्यावर."

आपण दोघं इतकी वर्षं समजत होतो की अब्बांनी तो डबा लोकांच्या बोलण्यामुळे टाकायला लावला. तू मान वर केलीस आणि काहीतरी म्हणायला गेलास. मला वाटतं तुला सांगायचं होतं की तुला मागे उभं राहणं आवडायचं. खरंच आवडायचं, मी साक्षीदार आहे. पण तू ते बोलला नाहीस. अब्बांनी बटणांची वायर उचलून तुझ्या हातात दिली.

"आता पुढं बस," ते म्हणाले. "मला खेळून दाखव."

तू खेळलास. देवा, किती वाईट खेळलास! पहिल्याच खड्ड्यात पडलास. दुसऱ्यांदा परत त्याच. अब्बा हसता हसता खोकायला लागले. शबाना तोंडाला ओढणी लावून रडत होती की हसत होती कळेना. मी ओरडत होते, "उडी मार, उजवीकडे, उजवीकडे!" आणि तू गाढवासारखा डावीकडे बघत होतास.

त्यानंतरचे शुक्रवार मला वेगळे करून आठवत नाहीत. तू पुढे बसायचास, अब्बा शेजारी, मी मागच्या दिवाणावर. तू पुलापर्यंत जायला शिकलास. मी म्हणायची, तुझं चित्र फार स्वच्छ आहे, काचेच्या तुकड्यांसारखं टोचतं, माझ्या टीव्हीवर बघ कसं निवतं. तू म्हणायचास, "सुलू, तुला धुकं आवडतं, तू धुक्यात बस." अब्बा आपलं भांडण ऐकत डुलक्या घ्यायचे. मध्ये तुझी तब्येत घसरली तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, माझी किडनी घ्या. डॉक्टरांनी त्यांचं वय विचारलं आणि चहा मागवला. घरी येऊन तू त्यांना म्हणालास, "अब्बा, तुम्ही आणलेला माल खरा असतो, पण हा फार जुना झाला." ते तुझ्यावर रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना काय हवं होतं ते त्यांना फक्त रागावूनच सांगता येत होतं.

मग तो फोन. मग बुधवार. डायलिसिसच्या खुर्चीतच तुझं मन थकलं म्हणाले, म्हणजे हृदय, पण सनाने मला सांगताना "मन" असाच शब्द वापरला आणि मला तो दुरुस्त करावासा वाटला नाही.

आम्ही बायका दारात उभ्या होतो. तुला खाली नेलं तेव्हा शेडवाल्यांनी लूम बंद केले, आणि इतक्या वर्षांत शुक्रवारची सुट्टी नसताना पहिल्यांदा मी तो जिना शांत ऐकला. अब्बा खांदा देण्यासाठी पुढे झाले. कोणीतरी म्हणालं, तुम्ही राहू द्या, चालवणार नाही. ते म्हणाले, "ह्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा मला कोणी विचारलं न्हवतं." ते कोपऱ्यापर्यंत चालले. नंतर त्यांना रिक्षातून नेलं.

परत आल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी वरणभात केला होता, तुमच्या घरात चूल पेटणार नव्हती म्हणून. ते म्हणाले, "सुलू, बेटा, चुकीचा माणूस गेला." मी म्हणाले, "अब्बा, जेवा." याहून चांगलं काही मला सुचलं नाही. ते जेवले. दोन घास, पण जेवले.

तुला दुकानाची काळजी होती. शबानाला तू म्हणाला होतास की बंद करून टाका, सनाला तिचं काही वेगळं करू दे. घरात त्यावर बोलणं चाललं होतं, गिऱ्हाइकं फोन करत होती, कोणी जागा विकत घ्यायला बघत होतं. मी त्यात पडले नाही.

आज सकाळी मी ड्युटीला निघाले होते. रिक्षा तुझ्या गल्लीवरून गेली. शटर वर होतं. सना आत उभी राहून लूमचे शटल आणि पट्टे मांडत होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. काउंटरच्या खुर्चीत अब्बा बसले होते, इस्त्रीचा कुर्ता घालून, चष्मा कपाळावर. एक लूमवाला त्यांच्यापुढे तुटलेला भाग धरून काहीतरी विचारत होता आणि अब्बा तो डोळ्यांशी नेऊन, उलटासुलटा करून बघत होते. मग त्यांनी आत वळून सनाला आवाज दिला.

मी रिक्षा थांबवली नाही. थांबवली असती तर मी तिथेच रडले असते, आणि त्यांचं पहिलंच गिऱ्हाईक होतं.

दुकान उघडलंय, इक्बाल.